सर हम्फ्री डेव्ही : खाऱ्या पाण्याने घेतलेली परीक्षा



आपण परभणी जिल्ह्यातील माणसे. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिलेलाही नसेल. पण गंज मात्र आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. पावसाळ्यात अंगणात राहिलेले खुरपे, न्हाणीघरातील बादलीची कडी, घरावरच्या जुन्या पत्र्याचा खिळ्याजवळचा भाग, हे सारे हळूहळू तांबूस होते, पापुद्रे सुटतात आणि एके दिवशी हातात भुगा येतो. गोड्या पाण्याने आणि दमट हवेने लोखंडाची ही दशा होते, तर समुद्राच्या पाण्याने काय होत असेल? त्या पाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उघडे पोलाद त्यात बुडवून ठेवले तर वर्षाकाठी साधारण एक दशांश मिलिमीटर जाडी खाऊन टाकली जाते. हा आकडा लहान दिसतो. परंतु जहाजाचा पत्रा एकाच जागी खोल पोखरला गेला, तर त्या एका छिद्रातून पाणी आत येते आणि माणसांच्या जिवावर बेतते.

समुद्राच्या पाण्यात धातू का झिजतो, किती झिजतो आणि त्याला कसे वाचवावे, याची मोजमाप करून परीक्षा घेणाऱ्या आरंभीच्या शास्त्रज्ञांत सर हम्फ्री डेव्ही यांचे नाव अग्रभागी आहे. खाणकामगारांच्या सुरक्षा दिव्यामुळे त्यांचे नाव आपण शालेय पुस्तकात वाचतो. पण त्यांच्या आयुष्यातील समुद्राचे प्रकरण फारसे कोणी सांगत नाही. त्यात यशाइतकेच अपयशही आहे, म्हणून ते तुम्हांस मुद्दाम सांगावेसे वाटते.

हम्फ्री डेव्ही यांचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यातील पेन्झान्स या गावी झाला. गाव समुद्रकाठचे. वडील लाकडावर कोरीव काम करीत. पाच भावंडांत हम्फ्री थोरला. १७९४ साली वडील वारले, तेव्हा तो अवघा पंधरा वर्षांचा होता, आणि घरावर कर्जाचा मोठा बोजा होता. आईवर पाच लेकरांचा भार पडला. अशा घरातील थोरल्या मुलावर काय वेळ येते, हे आपल्याकडील पालकांना वेगळे सांगायला नको. पुढच्याच वर्षी त्याला गावातील बोर्लेस नावाच्या शस्त्रवैद्याकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. औषधे कुटणे, बाटल्या भरणे, रोग्यांकडे औषध पोहोचवणे, हे त्याचे काम. महाविद्यालयाचे तोंड त्याने विद्यार्थी म्हणून कधी पाहिले नाही.

परंतु या मुलाने एक गोष्ट केली. आपण काय काय शिकायचे याची एक लांबलचक यादी त्याने स्वतःच तयार केली आणि त्याप्रमाणे वाचन सुरू केले. १७९७ साली फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए यांचा रसायनशास्त्रावरील ग्रंथ त्याच्या हाती आला आणि त्याच्या आयुष्याला दिशा मिळाली. घरातील भांडी, औषधाच्या दुकानातील बाटल्या आणि मिळेल ती नळी घेऊन त्याने प्रयोग आरंभले. १७९८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ब्रिस्टल येथील डॉ. बेडोज यांच्या संस्थेत त्याला काम मिळाले. तेथे निरनिराळे वायू श्वासातून देऊन रोग बरे होतात काय, याचा शोध चालू होता. डेव्हीने नायट्रस ऑक्साइड हा वायू स्वतःवर वापरून पाहिला. त्याने वेदना कमी होतात आणि शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल, असे १८०० साली त्याने लिहून ठेवले. डॉक्टर मंडळींनी मात्र त्याकडे पुढील चाळीस वर्षे लक्ष दिले नाही.

१८०१ साली डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आले आणि पुढल्याच वर्षी तेथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्याने ऐकण्यासाठी सभागृह तुडुंब भरे. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १८०० साली विजेची बॅटरी जगापुढे ठेवली होती. डेव्ही यांनी त्या बॅटरीची वीज वितळलेल्या क्षारांतून सोडली आणि १८०७ साली पोटॅशियम व सोडियम हे दोन धातू प्रथमच वेगळे करून दाखवले. पुढल्या वर्षी कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम यांची भर पडली. त्या काळी इंग्लंड आणि फ्रान्स यांचे युद्ध चालू होते, तरीही फ्रेंच विद्वानांच्या संस्थेने या इंग्रज तरुणाला विजेवरील संशोधनाबद्दल पारितोषिक दिले. १८१२ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी एका स्फोटक द्रव्याचा प्रयोग करताना त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि लिहून घेण्यासाठी मदतनीसाची गरज पडली.

या निमित्ताने एक गरीब मुलगा त्यांच्याजवळ आला. तो लोहाराचा मुलगा, पुस्तके बांधण्याच्या दुकानातील उमेदवार. डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्याने ती सुवाच्य अक्षरात लिहून, स्वतः बांधून त्यांना पाठवली होती. १८१३ साली डेव्ही यांनी त्याला आपला सहायक नेमले. त्याचे नाव मायकेल फॅरडे. आज आपल्या घरात विजेचा दिवा लागतो, त्याच्यामागे या फॅरडेचे शोध आहेत.

१८१५ साली डेव्ही यांनी सुरक्षा दिवा तयार केला. कोळशाच्या खाणीत उघड्या ज्योतीने वायू पेटून कामगार मरत. १८१२ साली फेलिंग येथील एका खाणीत ९२ जीव गेले होते. डेव्ही यांनी ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली. जाळी उष्णता शोषून घेते, त्यामुळे आतली ज्योत बाहेरच्या वायूपर्यंत पोहोचत नाही. या दिव्याचे पेटंट घेऊन त्यांना अमाप पैसा मिळवता आला असता, परंतु त्यांनी पेटंट घेतले नाही. १८२० साली ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. औषधे कुटणारा उमेदवार इंग्लंडातील शास्त्रज्ञांच्या सर्वोच्च आसनावर बसला.

आता आपण मूळ विषयाकडे, समुद्राकडे वळू.

त्या काळची जहाजे लाकडाची होती. समुद्रातील एक प्रकारचा कृमी लाकूड पोखरून त्याची चाळण करी. शिवाय जहाजाच्या तळाला शेवाळ आणि कठीण कवचाचे जीव चिकटत. तळ खडबडीत झाला की जहाजाचा वेग मंदावे. यावर उपाय म्हणून इंग्रज नौदलाने १७६१ साली अलार्म नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. तांबे लागले, कृमी थांबला, तळ स्वच्छ राहिला. पण वेस्ट इंडीजच्या समुद्रातून जहाज परत आले तेव्हा एक नवेच संकट दिसले. तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऊन गेले होते. जेथे तांबे आणि लोखंड यांच्यामध्ये जाड कागद शिल्लक राहिला होता, तेथील खिळे मात्र शाबूत होते. असे का झाले, हे तेव्हा कोणालाच सांगता आले नाही. १७८० च्या सुमारास जवळजवळ सर्व आरमाराला तांब्याचे पत्रे लागले आणि पुढे खिळेच बदलण्यात आले.

या गोष्टीशी आपल्या महाराष्ट्राचाही संबंध आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कसबी पारशी कारागीर मलबारच्या सागवानाची जहाजे बांधीत आणि इंग्रज आरमार ती मोठ्या अभिमानाने वापरी. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेले ट्रिंकोमाली हे जहाज १८१७ साली मुंबईत समुद्रात सोडण्यात आले. दोनशे वर्षे उलटून गेली, तरी ते आज इंग्लंडातील हार्टलपूल येथे जतन करून ठेवलेले पाहावयास मिळते. अशा सागवानी जहाजांच्या तळालाही तांबेच लावीत. लाकूड टिके, पण तांबे टिकत नसे. ते खाऱ्या पाण्यात हळूहळू विरघळे, पातळ होई, आणि काही वर्षांनी सर्व पत्रे बदलावे लागत. हा खर्च फार मोठा होता. म्हणून १८२३ साली नौदलाच्या अधिकाऱ्यांनी हा प्रश्न रॉयल सोसायटीपुढे ठेवला आणि अध्यक्ष डेव्ही यांनी तो स्वतःकडे घेतला.

तांब्यात भेसळ असल्यामुळे ते लवकर झिजते, असा पुष्कळांचा समज होता. डेव्ही यांनी निरनिराळे तांबे तपासले आणि खरे कारण पाण्यातील क्षार व पाण्यात मिसळलेल्या हवेत आहे असे दाखवले. मग त्यांनी असा विचार केला : दोन वेगळे धातू एकमेकांना टेकवून खाऱ्या पाण्यात ठेवले की त्यांची एक छोटी बॅटरीच तयार होते. या बॅटरीत एक धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. अलार्म जहाजावर लोखंड झिजले होते आणि तांबे वाचले होते. तर मग तांबे वाचवण्यासाठी मुद्दाम लोखंडाचा किंवा जस्ताचा तुकडा त्याला का जोडू नये? जो दोष होता, तोच त्यांनी उपाय म्हणून वापरला.

प्रयोगशाळेत परिणाम थक्क करणारा आला. वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा किंवा लहान लोखंडी खिळ्याचे टोक ४० ते ५० चौरस इंच तांब्याला, म्हणजे साधारण वहीच्या एका पानाएवढ्या पत्र्याला, झिजेपासून वाचवीत होते. जानेवारी १८२४ मध्ये डेव्ही यांनी हा शोध रॉयल सोसायटीपुढे मांडला.

पण विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेतील भांडे म्हणजे समुद्र नव्हे. भांड्यात लाटा नसतात, भरती-ओहोटी नसते, जीवजंतू नसतात. डेव्ही यांना हे ठाऊक होते, म्हणून पुढची परीक्षा पोर्टस्मथच्या बंदरात झाली. तांब्याच्या पत्र्यांचे आधी काट्यावर वजन केले. कोणत्याला जस्त, कोणत्याला घडीव लोखंड, कोणत्याला बीड जोडले. जोडलेल्या धातूचे क्षेत्रफळ तांब्याच्या चाळिसाव्या हिश्श्यापासून हजाराव्या हिश्श्यापर्यंत निरनिराळे ठेवले. हे पत्रे अनेक आठवडे भरतीच्या पाण्यात ठेवून नंतर पुन्हा तोलले. रक्षक धातू चाळिसाव्या ते एकशेदहाव्या हिश्श्याएवढा होता, तेथे तांब्याची झीज मुळीच झाली नाही. तो दोनशेव्या ते चारशेसाठाव्या हिश्श्याएवढा केला, तेथे वजन घटले. जितका रक्षक लहान, तितकी घट जास्त. बीड सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ म्हणून जहाजांसाठी तेच निवडले गेले.

आधी वजन, मग समुद्र, मग पुन्हा वजन. ही पद्धत इतकी साधी आहे की ती शोध वाटतच नाही. पण आजही पोलादाची परीक्षा मुळात याच रीतीने होते. पोलादाच्या लहान पट्ट्या तोलून समुद्रात टांगतात : काही कायम पाण्याखाली, काही भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, काही लाटांचे तुषार उडतात तेथे. ठरलेल्या मुदतीनंतर गंज साफ करून त्या पुन्हा तोलतात. पाण्यात बुडालेल्या पट्टीपेक्षा तुषारांनी भिजणारी आणि हवेने वाळणारी पट्टी जास्त झिजते, हे अशा परीक्षांतूनच कळले. बंदरातील खांब नेमका पाण्याच्या रेषेच्या वर का खराब होतो, त्याचे उत्तर यात आहे.

पुढे डेव्ही यांनी आपला उपाय चालत्या जहाजांवर बसवला. १८२४ च्या उन्हाळ्यात ते स्वतः वाफेच्या जहाजातून नॉर्वेकडील समुद्रात गेले आणि धावत्या जहाजावर तांब्याची झीज कशी होते ते पाहिले. आपल्याच देशात कोचीन येथे बांधलेल्या सामरंग या युद्धजहाजाला बिडाचे रक्षक लावून नोव्हास्कोशियाला पाठवण्यात आले. १८२५ च्या आरंभी ते परत आले तेव्हा त्याचा तळ बराच स्वच्छ होता. आता जग जिंकले असे वाटू लागले.

आणि नेमका येथेच घात झाला. इतर जहाजे परत येऊ लागली. त्यांचे तांबे अगदी शाबूत होते, पण तळावर शेवाळ आणि कवचाचे जीव दाट माजले होते. जहाजे चालेनात. कारण असे की तांबे थोडे थोडे विरघळते, म्हणूनच त्याचा विषारी अंश पाण्यात उतरतो आणि जीव चिकटत नाहीत. डेव्ही यांनी विरघळणे थांबवले, त्याबरोबर ते विषही थांबले. शिवाय रक्षण झालेल्या तांब्यावर चुन्यासारखा पांढरा थर बसे आणि जिवांना पाय रोवायला जागा मिळे. तांब्याची झीज हेच त्याचे काम होते, हे समुद्राने दाखवून दिले.

१८२५ सालीच नौदलाने समुद्रात जाणाऱ्या जहाजांवरून रक्षक काढून टाकण्याचा हुकूम दिला. वर्तमानपत्रांतून डेव्ही यांची थट्टा झाली. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षाचा एवढा गाजावाजा झालेला उपाय जाहीरपणे मागे घेतला गेला, आणि हा घाव त्यांना फार लागला. १८२६ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला, १८२७ साली त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, ते वारले. तेथेच त्यांचे दफन झाले.

चरित्र लिहिताना गुणांबरोबर उणीवही सांगावी लागते. डेव्ही यांच्या स्वभावात मोठेपणाची हाव होती. ज्या फॅरडेला त्यांनी हात दिला, ज्याने तांब्याच्या या प्रयोगांतही राबून मदत केली, त्याचे नाव रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी पुढे आले तेव्हा डेव्ही यांनीच विरोध केला. तरीही जानेवारी १८२४ मध्ये फॅरडे निवडून आला. शिष्य आपल्यापुढे जातो आहे हे पाहून आनंद वाटणे, ही गुरूची सर्वांत अवघड परीक्षा आहे. डेव्ही त्या परीक्षेत उतरले नाहीत. फॅरडेने मात्र गुरूविषयीचा आदर शेवटपर्यंत सोडला नाही.

मग डेव्ही यांचे समुद्रावरील काम वाया गेले काय? मुळीच नाही. त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत लाकडाच्या जागी लोखंडाची जहाजे आली. रॉबर्ट मॅलेट या आयरिश अभियंत्याने १८३८ पासून किंग्स्टाउन बंदराच्या पाण्यात लोखंडाचे नमुने बुडवून त्यांची झीज मोजली. लोखंडी जहाजाला तांबे लावणे म्हणजे अलार्मच्या खिळ्यांची गत करून घेणे, हे आता सर्वांना समजले होते. लोखंडाला वाचवायचे तर त्याच्याहून आधी झिजणारा धातू हवा, आणि तो म्हणजे जस्त. आज पोलादी जहाजाच्या तळाला जस्ताच्या वड्या बसवलेल्या असतात. त्या झिजतात, पोलाद वाचते, आणि झिजल्या की नव्या बसवतात. जीव चिकटू नयेत म्हणून त्यावर बहुधा तांब्याचे संयुग असलेला रंग देतात. गंजाचा बंदोबस्त जस्ताने आणि जिवांचा बंदोबस्त तांब्याने, अशी कामाची वाटणी झाली. डेव्ही यांच्या प्रश्नाचे उत्तर बरोबर होते, पण जहाजाचे प्रश्न दोन होते.

ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे नौदलासाठी लागणाऱ्या धातूंचा व रंगांचा अभ्यास करणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळा आहे. तिची सुरुवात मुंबईच्या नौदल गोदीत झाली. खाऱ्या पाण्यात पोलाद कसे टिकवावे, हा तेथील अभ्यासाचा एक मोठा विषय आहे. आपल्या भागातील कित्येक तरुण मुंबईच्या बंदरांत आणि आखाती देशांतील कारखान्यांत जोडारी व वेल्डिंगची कामे करतात. त्यांचा रोजचा शत्रू हाच गंज आहे. त्यांच्या धाकट्या भावंडांनी आय. टी. आय. किंवा पदविका करून धातुशास्त्राचा अभ्यास पुढे चालवला, तर या शत्रूला हातोडीने खरवडण्याऐवजी हिशोबाने थोपवता येईल.

पालकहो, यासाठी समुद्र लागत नाही. आपल्या घरावरचा पांढरट पत्रा आणि पाण्याची बादली यांवर जस्ताचाच मुलामा असतो. मुलामा थोडा खरचटला तरी आजूबाजूचे जस्त आपण झिजून लोखंडाला सांभाळते. कल्हईवाला तांब्याच्या देगचीला कल्हई करतो तेव्हाही एक धातू दुसऱ्याला अन्नापासून झाकतो, पण तेथे काम नुसत्या आवरणाचे असते. जस्त आवरणही घालते आणि स्वतःचा जीवही देते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही स्वतः करून पाहा. एकाच आकाराचे चार नवे लोखंडी खिळे घ्या आणि काचपेपरने घासून पुसा. शक्य असेल तर सराफाच्या काट्यावर तोलून घ्या. चार ग्लास मांडा. पहिल्यात साधे पाणी, उरलेल्या तिन्हींत लिटरला ३५ ग्रॅम या प्रमाणात मिठाचे पाणी. दुसऱ्या ग्लासात नुसता खिळा, तिसऱ्यात तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळलेला खिळा, चौथ्यात जस्ताचा मुलामा असलेली तार घट्ट गुंडाळलेला खिळा ठेवा. रोज पाहा आणि तारीख घालून वहीत लिहा. पंधरा दिवसांनी तारा काढून, गंज घासून, खिळे वाळवून पुन्हा तोला. तांब्याच्या सोबतीने कोणाचे काय झाले आणि जस्ताच्या सोबतीने काय झाले, ते काटाच तुम्हांला सांगेल. तुमच्या अंदाजापेक्षा वेगळे काही दिसले तर ते खोडू नका. ते जसेच्या तसे लिहा आणि कारण शोधा.

वडिलांचे छत्र हरपलेला, कर्जबाजारी घरातील एक मुलगा औषधाच्या दुकानातून उठून एवढ्या उंचीवर गेला, हे डेव्ही यांच्या चरित्रातील अर्धे शिक्षण आहे. उरलेले अर्धे त्या शेवाळलेल्या जहाजांत आहे. एका परीक्षेत मूल मागे पडले म्हणून ज्या घरात त्याची शाळा सुटते, विशेषतः ज्या मुलीची सुटते, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे : १८२५ साली ज्या उपायाची थट्टा झाली, त्याच्यावरच आज जगभरची पोलादी जहाजे तरंगत आहेत. त्या उपायाला पुन्हा संधी मिळाली, म्हणूनच हे घडले. आपल्या मुलामुलींनाही ती मिळाली पाहिजे.